डीजेच्या भिंतीमागे उभ्या असलेल्या पोराच्या कानांचं काय? हेडफोन घेताना या गोष्टी बघा

2025च्या गणेशोत्सवात सोलापुरात 'डीजेमुक्त सोलापूर' ही मागणी चांगलीच गाजली. ज्येष्ठांचं हृदय, लहान मुलांचे कान, थरथरणाऱ्या काचा, सगळ्यावर बोललं गेलं. एक माणूस मात्र या चर्चेत फारसा आला नाही. तो म्हणजे स्पीकरच्या भिंतीला खेटून तासन्‌तास उभा असलेला ऑपरेटर. सात रस्त्याला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाची मिरवणूक पुढे गेली की सुटका होते. ऑपरेटर मात्र आवाजासोबतच पुढे सरकतो.

त्याच्या डोक्यावरचा हेडफोन त्याचे कान वाचवू शकतो किंवा घालवूही शकतो. कसं, ते समजून घेऊ.

हेडफोन लागतो कशाला?

एक गाणं स्पीकरवर सुरू असताना पुढचं गाणं हेडफोनमध्ये ऐकून ठेका जुळवायचा असतो. याला क्यूइंग म्हणतात. बाहेरचा गोंगाट आत शिरला की गाणं ऐकू येत नाही, मग व्हॉल्यूम वाढतो. म्हणजे कानावर दुहेरी मारा.

15 डेसिबलचा फरक

अमेरिकेतल्या निऑश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाजात दिवसाला जास्तीत जास्त 8 तास राहावं. पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. 88ला 4 तास, 91ला 2 तास आणि 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं.

समजा, बाहेर 100 डेसिबल आहे आणि हेडफोन 15 डेसिबल अडवतो. मग बाहेरचा आवाज कानापर्यंत 85 होऊन पोहोचतो. त्यात हेडफोनमधल्या गाण्याची भर पडतेच, पण व्हॉल्यूम कमी ठेवूनही काम भागतं.

घेताना काय बघायचं?

- मागून बंद कप : डीजेसाठी क्लोज्ड-बॅक हेडफोनच घ्यावा. ओपन-बॅक घरात ऐकायला छान, पण गर्दीत निरुपयोगी.
- पकड : गादी कानाभोवती नीट बसायला हवी. चष्म्याच्या काडीमुळे फट राहिली तरी आवाज आत येतो.
- फिरणारा कप : एक कान मोकळा ठेवून काम करता येतं.
- वायर : 120 बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंद असतो. साध्या ब्लूटूथवर आवाज 0.1 ते 0.2 सेकंद उशिरा पोहोचू शकतो. एवढ्यात ठेका हुकतो.
- प्लग : अनेक मिक्सरला 6.35 मिमीची जाड पिन लागते. अ‍ॅडॅप्टर सोबत आहे का, ते बघावं.
- सुटे भाग : वायर आणि गाद्या बदलता आल्या पाहिजेत. सेनहायझरचा एचडी 25 हा 1988पासूनचा मॉडेल आजही टिकून आहे, त्याचं हे एक मोठं कारण. वायर सोडून त्याचं वजन फक्त 140 ग्रॅम आहे.

'एक्स्ट्रा बास'च्या जाहिरातीला मात्र भुलू नये. बास समोरच्या भिंतीतून मिळतोच. हेडफोनमध्ये ठोका स्पष्ट ऐकू यायला हवा.

कायदा काय म्हणतो?

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. सार्वजनिक ठिकाणी लाऊडस्पीकर लावला, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज 75 डेसिबलच्या वर जाता कामा नये. हे पाळलं, तर रहिवाशांसोबत ऑपरेटरचाही त्रास कमी होतो. हेडफोन कितीही भारी असला, तरी भिंतीचा आवाज तो कमी करत नाही.

कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहणं हा पहिला इशारा. कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे सीझन सुरू होण्याआधी नवा हेडफोन घेतला जाणार असेल, तर त्याच फेरीत कानाच्या डॉक्टरकडे ऑडिओमेट्रीही करून घ्यावी. ऐकू कमी यायला लागलंय, हे स्वतःच्या लक्षात येण्याआधी ही तपासणी सांगू शकते.