पेटीतले पंख

दिनांक २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढच्या हवाई तळावर मिग-२१ विमानांनी भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. १९६३ पासून सहा दशके या विमानाने देशाची सेवा केली. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात ते बांधले गेले, त्यामुळे कित्येक मराठी कामगारांचा घामही त्यात मिसळला आहे. यांतली काही विमाने चौकाचौकांत आणि संग्रहालयांत उभी राहतील. परंतु ती चालवणाऱ्यांच्या उड्डाणांच्या नोंदवह्या, स्क्वाड्रनचे बिल्ले, धावपट्टीवरची छायाचित्रे यांचे काय होणार?

विमान अवजड असते, म्हणून ते टिकते. कागद हलका असतो, म्हणून तो रद्दीत जातो. इतिहास मात्र बहुधा त्या हलक्या कागदावरच लिहिलेला असतो.

कोलकात्यात जन्मलेल्या इंद्रलाल राय या युवकाने पहिल्या महायुद्धात, जुलै १९१८ मध्ये, अवघ्या तेरा दिवसांत दहा विमानांवर विजय मिळवले. २२ जुलैला तो स्वतः धारातीर्थी पडला, तेव्हा त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. आधीच्या अपघातातून सावरताना त्याने काढलेली विमानांची रेखाचित्रे कुणीतरी जपली. म्हणूनच आज त्या वीराच्या मागे दडलेला, विमानांनी झपाटलेला मुलगा आपल्याला दिसतो. पदक शौर्य सांगते. माणूस मात्र अशा चिटोऱ्यांतून उलगडतो.

दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात वापिती विमान आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर याच जातीच्या चार विमानांनिशी आपल्या पहिल्या स्क्वाड्रनचा श्रीगणेशा झाला. तेथील लायसँडर विमान पाहताना १९४२ च्या ब्रह्मदेशातील लढाई आठवावी. टेहळणीसाठी बनवलेल्या त्या विमानांना बाँब लावून मजुमदार आणि त्यांचे सहकारी जपानी तळांवर चालून गेले होते.

जाणत्याला बिल्लाही बोलका होतो. त्यावर राजमुकुट असेल तर तो प्रजासत्ताकापूर्वीचा, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर नंतरचा. मार्च १९४५ मध्ये दलाच्या नावामागे लागलेली ‘रॉयल’ ही उपाधी २६ जानेवारी १९५० रोजी गळून पडली. महायुद्धात जपानी सूर्यचिन्हाशी घोटाळा होऊ नये म्हणून विमानांवरच्या वर्तुळातील तांबडा ठिपकाही काढला गेला. एवढ्या खुणेवरून जुन्या छायाचित्राचा काळ ओळखता येतो.

मुकुटाचे हे बिल्ले लाजेने झाकून ठेवावेत काय? मुळीच नाही. चिन्ह परक्याचे होते, छाती आपली होती. त्याच पिढीने १९४७-४८ मध्ये काश्मीर राखले. मुंबईत जन्मलेले हृषिकेश मुळगावकर त्या मोहिमेत महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख होते. आज किती मराठी घरांतल्या मुलांना हे नाव ठाऊक आहे?

संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धेतिहासाविषयीचे धोरण मंजूर केले. पंचवीस वर्षे जुनी कागदपत्रे सामान्यतः खुली व्हावीत, असा त्याचा आशय आहे. मे २०२३ मध्ये चंडीगढला हवाई दलाचे वारसा केंद्रही उभे राहिले. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु शासनाच्या कपाटात शासनाचे कागद असतात. आईला लिहिलेले पत्र घरच्या ट्रंकेतच सापडते. ती ट्रंक उघडण्याचे काम शासन करणार नाही, ते समाजाचे आहे.

काम अवघड नाही. छायाचित्राच्या मागे हलक्या हाताने, शिसपेन्सिलीने नाव, ठिकाण आणि वर्ष लिहावे. नोंदवहीच्या पानांच्या प्रती काढाव्यात. आजोबा बोलते आहेत तोवर त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. मूळ वस्तू संग्रहालयाला देताना तिची हकीकत सोबत द्यावी आणि संग्रहालयांनीही आपली सूची अभ्यासकांना खुली करावी. कारण हकीकत हरवलेला बिल्ला म्हणजे नुसते पितळ.

प्रशिक्षण पूर्ण केलेल्या वैमानिकाच्या छातीवर पंख लावले जातात, तो त्याच्या आयुष्यातील धन्य क्षण असतो. तेच पंख वाळवी लागलेल्या पेटीत पडून राहावेत, की पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर यावेत, हे ज्या त्या घराने ठरवायचे आहे. दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरची ती पेटी भंगारवाल्याच्या हाती देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी, इतकेच.