परसबाग : तीन पानांचा गुलाब

गेल्या अंकातल्या कारल्यांबद्दल बरेच फोन आले. एका काकूंनी मात्र झापलं, "भाजीपाला पुरे झाला, आता जरा फुलांचं लिहा." तर काकू, हा घ्या गुलाब. दुकानातला नव्हे, आपल्या ओहायोचा रानगुलाब. इथे त्याला प्रेअरी रोज म्हणतात, शास्त्रीय नाव रोझा सेटिजेरा. उत्तर अमेरिकेतला मूळचा वेलगुलाब हा एवढाच, असं मानतात.

त्याची गोष्ट मात्र दुसऱ्याच एका गुलाबापासून सुरू होते. २०१७ साली घरामागच्या ओढ्याकाठी मला एक काटेरी रोप दिसलं. रानात उगवलंय म्हणजे इथलंच असणार, असा आमचा इंजिनिअरी तर्क! खणून आणलं, कुंपणाशी लावलं. दोन वर्षांत ते आठ फूट झालं. २०१९च्या जूनमध्ये पांढऱ्या फुलांचे घोस आले आणि वास थेट किचनपर्यंत. तेव्हा आई सहा महिन्यांसाठी आली होती. रोज सकाळी परडी घेऊन ती कुंपणाशी. "इथे देवाला फुलं विकत आणायची म्हणजे काय," हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं दुःख, ते एकदाचं मिटलं.

ते मिटलं तीन आठवडे. मुलीनं शाळेच्या बायॉलॉजीच्या प्रोजेक्टसाठी त्याची फांदी नेली आणि घरी येऊन जाहीर केलं, "बाबा, हा मल्टिफ्लोरा आहे. जपानी आहे. इनव्हेजिव्ह!" मी पुस्तक काढून बसलो. पोरगी बरोबर होती. मल्टिफ्लोराच्या एका पानाला सात-नऊ पर्णिका असतात आणि देठाच्या बुडाशी बारीक झालर. ती झालर दिसली की बाकी काही बघायला नको. पक्षी फळं खातात, बी सगळीकडे पडतं, आणि ते मातीत वीसेक वर्षं तग धरतं म्हणतात. कुरणंच्या कुरणं त्यानं गिळलीत.

उपटायचं ठरलं. तेव्हा तीच पोरगी म्हणाली, "म्हणजे बाहेरून आलंय म्हणून काढायचं? बाबा, वी आर ऑल्सो..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मलाही उत्तर सुचलं नाही.

नंतर सुचलं. मिरची या अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली, आणि आता तिच्याशिवाय ठेचा नाही. गाजरगवतही इकडूनच आलं. १९५०च्या दशकात पुण्यात ते नजरेस पडलं आणि पुढे शेतंच्या शेतं व्यापून बसलं. मी झाडाला पासपोर्ट विचारत नाही. शेजाऱ्याला जगू देतं का, एवढंच बघतो. मुलीला हे अर्धंच पटलंय. तिचा प्रश्न, "पण त्याला इथे लावलं कोणी?" लावलं सरकारनं! १९३०च्या दशकात जमिनीची धूप थांबवायला आणि जिवंत कुंपण म्हणून सरकारी खात्यानंच शेतकऱ्यांकडून त्याचा प्रसार करवून घेतला. आता तेच झाड बऱ्याच राज्यांत उपद्रवी तण ठरलंय. त्यात झाडाचा काय दोष, हे आईचंही म्हणणं होतं. "फुलत्या झाडावर कुऱ्हाड घालू नये रे," एवढं बोलून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं एकूण एक फूल खुडलं, देव फुलांत बुडवले, आणि मग मला म्हणाली, "आता काढ." नुसतं छाटून ते मरत नाही, बुंध्यासकट खणावं लागतं. माझे दोन शनिवार त्यात गेले.

२०२०च्या वसंतात देशी झाडांच्या नर्सरीतून प्रेअरी रोज आणला. ओळख सोपी: पानाला बहुधा तीनच पर्णिका, क्वचित पाच. फोटो पाहून आई फोनवर म्हणाली, "अगं बाई, हा तर बेलच!" चिकणमाती त्याला चालते, ऊन भरपूर हवं. वेलगुलाब म्हणतात खरं, पण याला ताणे नाहीत, स्वतःहून तो कशालाच धरत नाही. फांद्या आपणच बांधायच्या. मी चार बाय चारचे खांब रोवून तारा ताणल्या (पूल बांधतोयस का, असं बायकोनं विचारलं). बांधायला आईच्या जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या. प्लॅस्टिकची दोरी फांदीला कापते. फांद्या उभ्या न बांधता आडव्या वळवा, फुलं जास्त येतात.

२०२२च्या मार्चमध्ये मी इतर गुलाबांसारखी याचीही सपासप छाटणी केली आणि वर्षभर एक फूल दिसलं नाही. हा फुलतो आदल्या वर्षीच्या फांद्यांवर! छाटायचं ते बहर संपल्यावर. २०२३च्या जुलैमध्ये अखेर फुलला. उमलताना गडद गुलाबी, मग फिका होत होत जवळजवळ पांढरा; एकाच घोसात तिन्ही छटा. वास मात्र बेताचा, आणि बहर वर्षातून एकदाच. जपानी भुंगेरे पानांची चाळण करतात. त्यांना सकाळी गारव्यात साबणाच्या पाण्यात झटकायचं.

आई आता गुडघ्यांमुळे प्रवास करत नाही. तिला मी फोटो पाठवतो. "देवाला वाहिलं का?" हा तिचा एकच प्रश्न असतो. वाहतो.

एक अडचण उरलीय. या जातीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फूल दोन्हींचं वरवर सारखंच, पण मादीच्या परागात दम नसतो. थंडीत पक्ष्यांना लाल फळं हवीत तर दोन्ही हवीत. माझं एकुलतं एक, आजवर फळ धरलेलं नाही, तेव्हा नर की मादी तेही कळायला मार्ग नाही. कोलंबसच्या आसपास कुणाकडे फळं धरणारा प्रेअरी रोज असेल तर संपादकांकडे कळवा. फांदीचं टोक मातीत दाबून ठेवलंत की मुळं फुटतात. रोप न्यायला मी स्वतः येईन, आणि येताना चकल्या आणीन.