आधी वेळ ठरवा, मग सैनिक

युद्धप्रसंगाचा पहिला मोठा देखावा करायला घेणारा बहुतेकदा आधी रणगाडे आणि सैनिक जमवतो. माझ्या मते आधी ठरवायला हवी ती घड्याळातली वेळ. विल्यम सायबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३० साली वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती हाती घेतली आणि क्षण निवडला १८ जून १८१५ च्या संध्याकाळी सातच्या सुमाराचा. त्यासाठी तो रणभूमीवरच्या ला हे सेंत या शेतवाडीत राहून जमिनीची मोजणी करत बसला. लढाईतल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून त्या वेळी तुमची पलटण कुठे होती, समोर शत्रूची रचना कशी होती, शेतात पीक कोणते, असे बारीक प्रश्न विचारले. सुमारे ७५ हजार इवले धातूचे सैनिक त्यानंतर उभे राहिले.

हौसेच्या कामात एवढा काटेकोरपणा कशाला, असे कुणी म्हणेल. दिवाळीच्या किल्ल्यात मावळ्याशेजारी रणगाडा खुशाल चालतो, आणि चालावाच. पण प्रमाणबद्ध देखावा ‘हे असे घडले’ असा दावा करतो. सातच्या सुमाराला ब्रिटिशांच्या मदतीला आलेली प्रशियन फौज कुठवर पोचली होती, यावरून ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या गोटाशी सायबोर्नचा वाद पेटला. अखेर त्याने प्रतिकृतीतून हजारो प्रशियन सैनिक उचलून टाकले. वेळ निश्चित नसती, तर वादही घालता आला नसता. लहान देखाव्यापासून सुरुवात करा, हा नवशिक्यांना दिला जाणारा सल्ला मात्र रास्त आहे. खुद्द सायबोर्नने दुसऱ्या प्रतिकृतीत प्रमाण वाढवले आणि रणांगणाचा एकच तुकडा घेतला: दुपारचा ब्रिटिश घोडदळाचा हल्ला.