शल्यवैद्य निवडताना

माझे वडील बडोदे दरबारचे गवई. गुरू निवडताना त्याच्या नावावर जाऊ नये, त्याचे शिष्य ऐकावेत, असे ते सांगत. परवा हा उपदेश निराळ्याच कामी आला.

मुलगा म्हणून वाढलेली, आता स्त्री म्हणून जगणारी माझी एक शिष्या चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करवून घेणार आहे. घरचे म्हणतात, ‘नसते खूळ!’ ज्यांच्या आज्यांनी बालगंधर्वांची लुगडे नेसण्याची तऱ्हा उचलली, त्यांनी असे म्हणावे! बालगंधर्व वेष चढवीत. हिला तो उतरवायचा आहे.

हे काम रंगाचे नव्हे, हाडाचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. डग्लस ऑस्टरहाऊट यांनी १९८०च्या दशकात कवट्यांच्या अभ्यासावर त्याचा पाया घातला. भुवईवरचा उंचवटा नुसता घासून नेहमीच भागत नाही. आत हवेची पोकळी असते. पुष्कळदा तिची पुढली भिंत कापून मागे बसवावी लागते. म्हणून सीटी स्कॅन न पाहता होकार देणारा वैद्य टाळावा. अशी किती कपाळे हाताखालून गेली, हे विचारावे. वर्षानंतरचे चेहरे पाहावेत. सूज पुरती ओसरायला महिने लागतात.

आवाज मात्र याने बदलत नाही. तो रियाजाचा प्रश्न; ते मी पाहीन. घरच्यांनी एवढेच करावे : त्या दिवशी दवाखान्यात तिला एकटीला बसू देऊ नये.