सेवा आणि तिचा मोबदला

पेठ वडगाव येथील एका ख्रिस्ती तरुण गृहस्थांचे पत्र आमच्याकडे आले आहे. त्यांच्या इच्छेवरून त्यांचे नाव आम्ही छापीत नाही. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न एकट्या त्यांचाच नसल्यामुळे त्याचे उत्तर खाजगी न देता येथे देणे आम्हांस योग्य वाटते.

सन २०१९ च्या ऑगस्टात वारणा, पंचगंगा व कृष्णा ह्या नद्यांनी कोल्हापूर व सांगली ह्या दोन जिल्ह्यांत जो हाहाकार उडविला, त्याची वाचकांस आठवण असेलच. त्या वेळी हे गृहस्थ कॉलेजात शिकत होते. पाणी ओसरू लागताच आपल्या मंडळीतील चारपाच सोबत्यांसह तांदूळ, डाळ, मेणबत्त्या व चादरी घेऊन ते वारणाकाठच्या एका गावी गेले. भिंत खचलेल्या एका घरापुढे एक वृद्ध बाई पाटीने चिखल उपसत होती. तिने पुढे केलेल्या पिशवीकडे पाहिले, मग ह्यांच्या गळ्यातील क्रूसाकडे पाहिले आणि विचारले, "हे घेतलं म्हंजे तुमच्यात यायला लागतंय का रं पोरा?" ह्यांनी गोंधळून नाही म्हटले व पिशवी उंबऱ्यावर ठेवली. सायंकाळी ही हकीकत सांगितली तेव्हा मंडळीतील एक वडीलजन म्हणाले, "प्रभूचे नाव न घेताच परत आलात ना? मग ते तांदूळ पुरातच गेले म्हणायचे!" बाईचा संशय एका बाजूस आणि वडीलजनांचा ठपका दुसऱ्या बाजूस, ह्या दोहोंच्या मधे आपण इतकी वर्षे अडकून पडलो आहो, असे पत्रलेखक लिहितात, व ख्रिस्ती मनुष्याने सेवा नेमकी कशासाठी करावी, असे आम्हांस विचारतात.

आमच्या मते ती बाई व ते वडीलजन ह्यांचा हिशेब मूळात एकच आहे. तांदळाच्या बदल्यात काहीतरी द्यावे लागते, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. तिला ती किंमत द्यावी लागेल की काय अशी भीती, आणि ती वसूल झाली नाही ह्याची ह्यांना हळहळ, एवढाच काय तो फरक.

बाईचा संशय आकाशातून पडलेला नाही. रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी सन १८५२ मध्ये कोल्हापुरास आले, आणि पुढे ह्या बाजूच्या मिशनची ठाणी वाढत गेली. वडगावच्या पश्चिमेस कोडोलीसही दवाखाना झाला. शाळा काढल्या त्या कशासाठी, हा वाद त्या वेळी मिशनऱ्यांच्या घरातच पेटला होता, हे आज फारसे कोणास ठाऊक नसते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे सन १८५४-५५ मध्ये इकडे पाहणीस आले असता त्यांचा कौल असा पडला की, उपदेश हे मिशनचे खरे काम. शाळांवर, विशेषतः इंग्रजी शाळांवर, इतका खर्च नको. वाइल्डर ह्यांस हे मान्य नव्हते. त्यांचा बोर्डाशी संबंध तुटला, ते स्वतंत्रपणे कोल्हापुरास परतले, आणि सन १८७० मध्ये ते काम प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. ह्या वादात आम्ही वाइल्डर ह्यांच्या बाजूचे आहो. तथापि त्यांच्याही समर्थनात शाळा हा सुवार्तेचा मार्ग आहे हा मुद्दा होताच. मुलाला लिहितावाचता येणे हेच मुळी चांगले, त्यापुढे काही घडो वा न घडो, असे निःशंकपणे म्हणणे त्या पिढीस जड गेले. मायदेशी अहवाल जात, त्यांत बाप्तिस्म्यांचा आकडा मागितला जाई, आणि ज्या कामाचा असा आकडा निघत नसे त्याची बाजू मांडीत बसावे लागे.

मिरजेस मात्र निराळे घडले. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस हे सन १८८९ मध्ये इकडे आले आणि सन १८९४ मध्ये त्यांचे मिरजेचे इस्पितळ उघडले. सन १९२८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, त्यांनी ह्या प्रांतातील लोकांच्या डोळ्यांवरचे मोतीबिंदू काढले व पोटातील गाठी कापल्या. ते मिशनरी होते आणि हे त्यांनी कधी लपविले नाही. परंतु ब्राह्मण, मराठा, मुसलमान, महार असे जे कोणी खाटेवर येई, त्याची जखम शिवताना टाका त्याचा धर्म पाहून पडत नसे, आणि बरा होऊन जसा आला तसाच तो घरी जाई. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाभोवती वसलेल्या वस्तीला लोकांनी वॉनलेसवाडी म्हटले, ते त्यांचा धर्म स्वीकारून नव्हे. डॉक्टरांनी किती लोकांस ख्रिस्ती केले हे मिरजेत आज कोणी सांगू शकणार नाही. पण आमचा आजा तेथे बरा झाला, असे सांगणारी घरे गावोगाव आहेत.

ह्याहून अवघड प्रकरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले आणि पुढे ते पुण्यास नेले, तेव्हा विधवांच्या शिक्षणात धर्माची ढवळाढवळ होणार नाही असे आश्वासन होते. सन १८९३ मध्ये काही मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत असल्याचे दिसताच एकच गहजब झाला. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे असे की, मी कोणास बोलावीत नाही, परंतु माझ्या खोलीत मी प्रार्थना करीत असता दारही लावून घेणार नाही. ह्या बाणेदारपणाचे आम्हांस कौतुक वाटते. दुष्काळाच्या वर्षांत मध्यप्रांतापर्यंत जाऊन ज्या बाईने मरणाच्या दारातून शेकडो मुली केडगावास आणल्या, तिच्या करुणेविषयी शंका घेण्याचा अधिकार त्या काळी घरात बसून टीका लिहिणाऱ्या आम्हां पत्रकारांच्या जातीस तर मुळीच नव्हता. तरीपण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या मुलीला ह्या छपराखेरीज दुसरे छप्पर नाही, तिच्यासाठी उघडे दार हे सुद्धा बोलावणेच असते. ती आत गेली तर श्रद्धेने गेली की ओशाळेपणाने गेली, हे तिचे तिलाही कळणे कठीण. म्हणून देणाऱ्याचा हेतू निर्मळ असून भागत नाही. घेणारा किती मोकळा आहे, हेही देणाऱ्यानेच पाहावे लागते.

ह्या बाबतीत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी जे केले त्याचा विचार आमच्या पत्रलेखकांनी अवश्य करावा. सन १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यापासून ते अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते. शिकविणे, उपदेश करणे, कीर्तने, 'ज्ञानोदया'चे लेखन अशी वीसबावीस वर्षे गेल्यावर सन १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली, संसार मागे. तरी ते साताऱ्यास जाऊन राहिले आणि 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस त्यात जागा होती. त्यांस पुढे दोनच वर्षे मिळाली, सन १९१९ मध्ये ते वारले आणि दरबारही फार टिकला नाही. एवढ्यावरून तो प्रयोग फसला असे म्हणणारे म्हणोत. परक्या मंडळाचा पगार घेणारा उपदेशक बोलू लागला की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार पगाराचा येतो, हे टिळकांनी ओळखले होते, आणि ऐकणाऱ्याच्या मनातील तो काटा काढण्यासाठी त्यांनी स्वतःचे पोट पणास लावले.

ह्याचा अर्थ पगार घेणे हे पाप असा कोणी करू नये. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेलाही घरी चूल पेटवावी लागते. पौलाने तंबू शिवून पोट भरले, पण तंबू शिवता न येणाऱ्या सेवकांस त्याने उपाशी राहावयास सांगितले नाही. पैशाहून चोरटे असे पुष्कळ मोबदले आहेत. कोणी स्वर्गातील जागा राखून ठेवण्यासाठी सेवा करतो, कोणी मंडळीत मान मिळावा म्हणून, कोणी स्वतःच्या मनाची टोचणी थांबावी म्हणून, आणि कोणी समोरच्याने जन्मभर उपकार स्मरावेत म्हणून. ह्या सर्वांत सेवा घेणारा मनुष्य हा एक जिना होतो.

मग खरा हेतू कोणता? आमच्याकडे निष्काम कर्माची शिकवण जुनी आहे, आणि फळाची आशा सोडा एवढे ती उत्तम सांगते. ख्रिस्ती शिकवणीचा रोख किंचित निराळा दिसतो. तेथे सेवक मनातील इच्छा पुसून टाकीत नाही. ज्याला आपले पुरेपूर मिळून चुकले आहे असा मनुष्य तो, म्हणून त्याला समोरच्याकडून काही मिळवावयाचे उरत नाही. देवाने आधी प्रीती केली, फुकट केली, आपली लायकी न पाहता केली. तिची परतफेड देवाला करता येत नाही, म्हणून ती शेजाऱ्याकडे वळवावयाची. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केल्याची कथा लूकाच्या शुभवर्तमानात आहे. नऊ जण मागे वळून पाहिल्याशिवाय निघून गेले. येशूला ते खटकले व तसे त्याने बोलून दाखविले, पण नवांपैकी एकाचाही कोड त्याने परत आणला नाही. तसेच मत्तयाच्या शुभवर्तमानातील न्यायाच्या दिवसाचे चित्र पाहा. ज्यांनी भुकेल्यास अन्न दिले ते स्वतःच चकित होऊन विचारतात की, प्रभू, आम्ही तुला कधी जेवू घातले? त्यांस पत्ताच नव्हता. त्यांनी भुकेलेला पाहिला, भाकरी दिली आणि पुढे गेले.

वडीलजनांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. ज्याला आपणांस सर्वांत मोठा ठेवा सापडला असे मनापासून वाटते, त्याने तो तोंड मिटून लपवून ठेवणे हाही एक प्रकारचा कंजूषपणाच. बोलण्याला आमची हरकत नाही, वेळेला आहे. घर वाहून गेलेल्या, हात पुढे पसरलेल्या मनुष्याला नाही म्हणण्याची सोय नसते, आणि जेथे नाही म्हणण्याची सोय नाही तेथे होकाराला मोल नाही. तिचे घर उभे राहू द्या, चूल पेटू द्या. नंतर एखादे दिवशी वडगावच्या आठवड्याच्या बाजारात भेटून तिने आपण होऊन विचारले की पोरा, तू त्या दिवशी का आला होतास, तर खुशाल सांगा, आणि तिने मान हलवून आपली वाट धरली तर तिला रामराम करा.

येथे आमच्या बिगरख्रिस्ती वाचकांनी फार खूश होऊ नये. मिशनऱ्यांच्या हेतूंची चिरफाड करण्यात आपण तरबेज. पण महारोग्याची जखम धुवावयास ते गेले तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या पुढे पोचले होते? त्याच २०१९ च्या पुरात मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे चिकटविल्याबद्दल केवढा संताप उसळला होता! ज्यांच्या कमरेला पाणी लागले होते त्यांनी तांदळाआधी कोणाचा तरी हसरा चेहरा पाहावा, अशी ती व्यवस्था. धर्म बदला असे ती पिशवी म्हणत नव्हती. ती मत मागत होती. सन २०२१ मध्ये पूर पुन्हा आला आणि नदी आपला रस्ता विसरलेली नाही. तेव्हा वडगाव परिसरातील तरुण मंडळांनी, मग ती मंडळीची असोत, तालमीची असोत वा मशिदीची, पुढच्या खेपेस पिशव्या कोऱ्या ठेवाव्यात आणि छायाचित्रे काढणारा सोबती घरी ठेवावा, एवढी आमची सूचना आहे. याद्या एकत्र केल्या तर आणखी चांगले. एकाच घरी चार पिशव्या आणि शेजारी एकही नाही, असे होणार नाही.

आता पत्रलेखकांच्या गोंधळाविषयी. "नाही" म्हटले ते अगदी बरोबर केले. फक्त ते एकदाच आणि ठामपणे म्हणावयास हवे होते. परंतु पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलेल्या एका ओळीवर आमचे त्यांच्याशी भांडण आहे. पिशवी ठेवून ते निघाले असता त्या बाईने "थांब" म्हणून तीन दगडांवर गुळाचा कोरा चहा टाकला. पूरग्रस्ताचे काही घ्यावयाचे नाही, असे ठरवून आल्यामुळे ह्यांनी हात जोडले आणि ते पुढच्या घराकडे गेले. त्यांस हा निःस्वार्थपणा वाटला. येशू शोमरोनी बाईच्या विहिरीवर गेला तेव्हा त्याने आधी तिच्याकडे पाणी मागितले होते, आणि पेत्राने पाय धुऊन घेण्यास नकार दिला तेव्हा त्याने पेत्राची ती नम्रता चालवून घेतली नव्हती. चिखलाने भरलेल्या घरात जी बाई गूळ शोधून काढते ती भिकारीण नव्हे. तिला देणारी व्हावयाचे होते, आणि तेवढी एक गोष्ट तिच्या हाती त्या दिवशी शिल्लक होती. पत्रलेखकांनी तिच्याजवळ त्या ओल्या जमिनीवर बसून तो चहा घ्यावयास पाहिजे होता. गाव वडगावपासून दूर नाही, आणि ती बाई अजून असेल तर त्यांनी जाऊन मागावा.