पटावरचे नाव आणि पाटीवरचे अक्षर

मूल पाचवीत आहे, त्या अर्थी त्याला पाचवीपुरते ज्ञान असणारच, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक तपासून पाहणे आता अगत्याचे झाले आहे.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा अमलात येण्यास २०१० साल उजाडले. आज खेड्यापाड्यांतील बहुतेक मुलांची नावे पटावर आहेत. तथापि २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही.

यावर उपाय काय? मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने 'बालसखी' नावाचा उपक्रम चालविला. वस्तीतीलच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे बसवून वाचन व अंकगणित पक्के करून घेई. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई व बडोदे येथे या उपक्रमाची परीक्षा केली. सर्वांत मागे असलेल्या मुलांनाच त्याचा अधिक लाभ झाल्याचे त्यांना आढळले. मात्र शिकवणी सुटल्यावर वर्षभरात तो लाभ पुष्कळसा ओसरला, हेही त्यांनी नमूद केले. दारिद्र्यनिवारणाचे उपाय असे प्रत्यक्ष प्रयोगाने पारखण्याच्या कार्याबद्दल या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूल जेथे अडले असेल तेथून शिकवावे, हे तत्त्व मला अनुभवाने पटले आहे. माझी मातृभाषा कोकणी. पहिलीत गुरुजींनी माशाचे चित्र दाखविले, तेव्हा मी 'नुस्तें' म्हणालो. वर्ग हसला आणि त्यानंतर कित्येक दिवस मी तोंड उघडले नाही. मला मासा ठाऊक होता. ठाऊक नव्हता तो केवळ मराठी शब्द. आपल्या सतवासमध्ये घरी माळवी किंवा निमाडी बोलणारे मूल वर्गात गप्प बसलेले दिसले, की मला तो दिवस आठवतो.

अशा मुलांना नापास करावे, असे काही पालक सुचवितात. परंतु ज्याला जोडाक्षर लागत नाही, त्याच्यापुढे तेच पुस्तक आणखी एक वर्ष ठेवल्याने ते कसे लागणार? अभ्यासक्रम पुरा करण्याची शिक्षकांची निकड मी जाणतो. ती माझीही आहे. तरी रोजचा एक तास इयत्ता बाजूला ठेवून वाचनाला दिलाच पाहिजे. उद्या मंडईत सोयाबीन घेऊन जाणाऱ्या मुलाला तोलपावतीवरील आकडा वाचता आला नाही, तर त्याच्या हाती ठेवलेला शाळेचा दाखला काय कामाचा?

विद्यार्थी मित्रहो, वरच्या वर्गातील तुम्हांपैकी प्रत्येकाने आपल्या आळीतील एका लहानग्याला रोज अर्धा तास जवळ बसवून वाचायला लावावे. तो चुकला तर हसू नये, आणि वार्षिक परीक्षा संपली म्हणून थांबूही नये.