बैठकीचा पत्ता बाजारभावाशेजारी छापा

मा. संपादक,


एसटीच्या खिडकीतून रस्त्यालगतच्या भिंती वाचत गेलात तर एक मजकूर हमखास दिसतो : 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा', आणि खाली मोबाइल नंबर. दारू सोडवायची पुडी विकणाऱ्याचा पत्ता असा कुणालाही सापडतो. दारू सोडलेली माणसे आठवड्यातून एकदा कुठे जमतात, हे मात्र धाराशिव जिल्ह्यात विचारून पाहा. मी विचारले आहे. एका कार्यालयात साहेबांनी मला व्यसनमुक्तीची तीन पत्रके दिली. तिन्हींवर दारूचे दुष्परिणाम होते. ते मला पाठ आहेत, मी अकरा वर्षे पीत होतो.

2025 मध्ये तुळजापूरचे एमडी या नशेच्या पावडरीचे प्रकरण गाजले, तेव्हा नशेवर रोज रकानेच्या रकाने आले. यायलाच हवे होते. पण आमच्या वस्तीत ज्यांचे संसार मोडले, त्यांच्यात पावडरीचा एकही नाही. सगळे दारूचे.

उपचारासाठी मी पुण्यात महिनाभर राहिलो. ते दिवस सोपे गेले. जेवण वेळेवर, बाहेर जायचे नाही, खिशात पैसे नाहीत. अवघड गेली ती परतल्यावरची संध्याकाळ. कामावरून स्टँडवर उतरलो की साडेसहाची वेळ अंगावर यायची. जुने सोबती तिथेच उभे. दोन महिने टिकलो आणि पोळ्याला घसरलो. "आज सणाचं तरी घे की रं," एवढे एक वाक्य पुरले.

त्यानंतर कुणीतरी सोलापूरच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीचे सांगितले. तुळजापूरहून 45 किलोमीटर. दहा-बारा खुर्च्या, चहा, एक रिक्षावाला, एक निवृत्त बँक कर्मचारी. एकाने आपले सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. सल्ला कुणी देत नाही. फी नाही. सोडायची इच्छा असली की झाला सभासद. अमेरिकेतल्या अक्रन गावी 1935 मध्ये एक शेअरदलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झाले. भारतात 1957 मध्ये आले. सहा वर्षे मी प्यायलेलो नाही, त्याचे बरेचसे श्रेय त्या खुर्च्यांना. पण शेवटची गाडी चुकेल म्हणून अर्ध्यातून उठणे आणि बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी, हे किती जणांना जमेल?

केंद्रे वाढवा, खाटा वाढवा, अशी मागणी नेहमी होते. चूक नाही. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे दिसले. दाखल होऊन उपचार घेणारा 180 मागे एक. पण ज्याला खाट मिळाली तोही एकतिसाव्या दिवशी गावीच येतो. महिलांनी मतदान करून बाटली आडवी केली, तरी शेजारच्या गावात ती उभीच असते. 14446 ही सरकारी हेल्पलाइन आहे. पण फोनवरचा माणूस साडेसहाला शेजारी येऊन बसत नाही. अवचट दांपत्याने 1986 मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधारे पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. उपचारानंतरचा पाठपुरावा तिथे उपचाराचाच भाग मानतात. आपल्याकडे माणूस गाडीतून उतरला की सगळ्यांचे काम संपते.

यावर दोन उत्तरे मला ऐकावी लागतात. पहिले, माळ घाला. माझ्या चुलत्यांची खरेच माळेने सुटली. पण माळेइतकेच काम केले ते भजनातल्या चार जणांनी. एकादशीला दिसले नाहीत की "काल कुठं होता?" म्हणून ते दारात हजर. फरक एवढाच की माळकरी घसरला तर भजनाला तोंड दाखवायला लाजतो. आमच्या बैठकीत घसरून आलेल्याला आधी खुर्ची देतात.

दुसरे, गावात नाव गुप्त राहील कसे? मी चौकात पडलेला असायचो तेव्हा कुणी गुप्तता पाळली नव्हती, ते असो. उपाय सोपा आहे : बैठक तालुक्याला, बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी सगळेच तालुक्याला जातात, कुणी कुणाला कारण विचारत नाही.

एक इशारा. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, फीटसुद्धा येते. त्यामुळे आधी डॉक्टर, मग बैठक. आणि चहातून नकळत पुडी देणाऱ्या माउल्यांनो, त्यात काय असते हे तुम्हालाही ठाऊक नसते; वरून दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. तुमच्यासाठीही वेगळी बैठक हवी. माझ्या बायकोला ती कधी मिळाली नाही.

आठ तालुके, आठ खोल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली, संध्याकाळी दोन तास. अनुदान नको, आम्ही बाहेरचा पैसा घेतच नाही. आणि आपल्याकडे मागणे असे की सोयाबीनच्या भावाशेजारी आठवड्यातून एकदा वार, वेळ आणि ठिकाण छापावे. तीन ओळी लागतील.

नाव छापू नये, आमच्यातला तो नियम आहे. तुळजापूरची खोली मिळाली तर कुलूप उघडायला आणि चहा ठेवायला मी येतो.

एक वाचक, ता. तुळजापूर